बोर्डावरची मुलगी

दिवाळी जवळ आली की आमच्या टोकावड्याला सकाळचं धुकं लवकर उठत नाही. घाटाकडून उतरतं, ओढ्यावर रेंगाळतं आणि नाक्यावर येऊन बसतं. अशा वेळी माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो. शाळेकडे निघालेल्या पोरी तर नुसत्या हसण्यावरून ओळखायच्या. त्या वर्षी असल्याच एका सकाळी मी दुधाची किटली घेऊन नाक्यावर आले, तेव्हा ती मला पहिल्यांदा दिसली. आधी नुसता गुलाबी रंग, मग कमरेवर ठेवलेला एक हात आणि सगळ्यात शेवटी चेहरा. मी थांबलेच. एवढ्या गारठ्यात ही कुणाची पोर अशी उभी, असं खरंच क्षणभर वाटून गेलं.

धुकं जरा हललं आणि बोर्ड दिसला. मुरबाडच्या एका कपड्यांच्या दुकानाचा तो फ्लेक्स होता, चहाच्या टपरीच्या वर लोखंडी चौकटीला ताणून बांधलेला. मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल. ओठांना गडद लाली, एक खांदा उघडा टाकलेला आणि मान वळवून बघण्याची एक रीत. ती रीत तिची नव्हती. कुणीतरी समोर उभं राहून तिला शिकवली होती. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘वय छोटं, अदा मोठी!’ मी ते दोनदा वाचलं आणि दूध न घेताच घरी आले.

मी कपडे शिवते. आमच्या वस्तीत नवे कपडे जयंतीला, शेजारच्या आळीत दिवाळीला, आणि दोन्हीकडे शिवणारी मी एकच. माझी मुलगी दोन्ही सण हक्कानं वसूल करायची. आमच्याकडे लहान पोरीचा फ्रॉक शिवायचा तर खाली चांगली चार बोटं दुमड ठेवतात. पोर वाढली की दरवर्षी ती दुमड थोडी उसवायची, फ्रॉक लांब होतो. जुन्या फ्रॉकवर अशा उसवलेल्या दुमडीच्या फिकट रेघा राहतात. पोर किती वाढली ते त्या रेघांवरून कळतं. दुकानातल्या कपड्याला अशी दुमड नसते, हे मला माहीत होतं. पण बोर्डावरच्या फ्रॉकमध्ये मला दुसरंच काही दिसलं. त्याला पुढून कापडाला फुगवटा देणारे टक्स घातलेले होते, बायकांच्या ब्लाउजला घालतात तसे. सपाट अंगाच्या लेकराच्या कपड्याला टक्स! शिवणाऱ्याला काय शिवायचं होतं आणि कुणाला दाखवायचं होतं, ते त्या दोन शिवणींत सगळं आलं. माझ्या डोक्यात सणक गेली ती तिथं.

त्या दिवसांत दुपारी मशीनवर बसल्या बसल्या माझा डोळा लागायचा. दिवाळीचं काम तुंबलेलं, रात्रीची झोप पुरायची नाही. बाहेर कापलेल्या भाताचा गोडसर वास, कुठंतरी झोडणीचा एकसारखा आवाज, आणि मला ती मुलगी दारात दिसायची. बोर्डावरून उतरून आलेली. माप द्यायला दोन्ही हात ताठ लांब करून उभी. मी टेप तिच्या खांद्यावर धरायची आणि टेप घसरून खाली पडायचा. पुन्हा धरायची, पुन्हा पडायचा. ‘तुला बाह्या किती लांब हव्यात गो?’ असं मी विचारायची. मला जाग यायची तेव्हा मांडीवरचं कापड सरकून जमिनीवर गेलेलं असायचं.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. बोर्ड लागल्यावर आठेक दिवसांनी ती माझ्या मशीनजवळ आली आणि म्हणाली, “आई, या टायमाला मला फ्रॉक नको. पंजाबी ड्रेस शिव. वडनीसकट.”

“वडनी? एवढीशी तू, वडनी सांभाळशील का दप्तर?”

“सांभाळंन.”

“एवढी घाई झालीय का तुला मोठं व्हायची?” मी म्हणाले, आणि ते गमतीनं म्हणाले नाही. रोज त्या बोर्डाखालून जाते, पाहून पाहून हिच्याही डोक्यात शिरलं, असं मला वाटलं. जवळ होती ती कापड मापायची लाकडी पट्टी मी टेबलावर आपटली. ती निघून गेली. नाकावर राग हा माझा जुनाच आजार आहे, आणि त्या आजारात माणसाला कमी दिसतं.

त्यानंतर ती शाळेला नाक्यावरून न जाता मागच्या शेतांच्या बांधावरून जायला लागली. संध्याकाळी फ्रॉकला कुसळं चिकटलेली असायची. मी ती एकेक काढायची आणि बडबडायची, की सरळ डांबरी रस्ता सोडून ही चिखलातली वाट कशाला. “तिकडून बरं वाटतं,” एवढंच ती म्हणायची. रुसलीय, असं मी धरून चालले.

आणि बोर्डाचं प्रकरण मी हातात घेतलं. शेजारच्या आळीतल्या वहिनी, ज्यांच्या तीन नाती शाळेत होत्या, त्या माझ्या बाजूच्या निघाल्या. शाळेच्या ओट्यावर पालकसभा होती तिथं आम्ही विषय काढला. गुरुजी मान खाली घालून हजेरीपट बघत बसले. बापमाणसांतला एक म्हणाला, “कशाला वाढवता? मोबाइलमधी याच्यापेक्षा वाईट असतंय.”

“मोबाइल मी हातातून काढून घेईन,” मी म्हणाले. “रस्ता कसा काढून घेऊ?”

वहिनी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “उद्या दहाच्या यस्टीनं जायचं. ज्यांना यायचं त्यांनी या, नायतर आमी दोघी पुऱ्या हाव.” दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणी होतो.

मुरबाडचा तो दुकानदार वाईट माणूस नव्हता, हे मला मान्यच करायला हवं. त्यानं आम्हाला बसायला स्टुलं दिली, पाणी दिलं. “ताई, फोटो वरून तयार येतो. आमी फक्त दुकानाचं नाव टाकतो,” म्हणाला. “आणि आता फॅशनच तशी हाय. लोकं मागतात.”

“कोण लोकं मागतात?” वहिनींनी विचारलं. “आमीच की लोकं. आमी कवा मागितलं?”

मी त्याला म्हटलं, तो फ्रॉक दाखवा. त्यानं आणला. मी तो काउंटरवर उलटा केला, कपड्याचं पोट बाहेर काढावं तसा, आणि टक्सवर बोट ठेवलं. “ही साइज दहा वर्षांची. हे कुणासाठी घातलेत, तुमी सांगा.”

त्यानं बघितलं. पहिल्यांदाच बघितलं असणार, कारण तो विकत होता, शिवत नव्हता. गल्ल्यावर त्याची बायको बसली होती. ती उठून आली, तिनं त्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, “उद्या उतरवा तो बोर्ड.” मग फ्रॉक सरळ करून घडी घातली आणि काउंटरच्या खाली ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुकानातला माणूस बोर्ड उतरवायला आला तेव्हा निम्मं गाव नाक्यावर होतं. आणि इथं मी एक चूक केली. आमच्याकडे फ्लेक्स कुणी टाकून देत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा आमच्याकडे गोठ्याच्या भिंतीला असतात, निवडणुकीत हात जोडलेले सगळे पेंढ्याच्या उडवीवर पालथे निजलेले असतात, आणि भात वाळत घालायचं तर कुणाच्या ना कुणाच्या हसऱ्या चेहऱ्यावरच. हा फ्लेक्स तर चांगला जाड, नवाकोरा. दुकानातला माणूस म्हणाला, “घेऊन जा ताई, कामाला येईल.” बाकीच्या चौघी आशेनं बघत होत्या, पण लढाईची पुढारी मी होते, म्हणून तो मला मिळाला. मी गुंडाळी डोक्यावर घेऊन घरी आले. वाटेत लोक ‘वाघीण चालली’ म्हणून चिडवत होते आणि मला ते आवडत होतं. खोटं कशाला सांगू?

आमचं थोडं भात झोडून झालं होतं. मी फ्लेक्स अंगणात पसरला, चित्र खाली, पांढरी बाजू वर, आणि त्यावर भात ओतलं. ऊन छान होतं. लांब डोंगराच्या कड्यांवर निळसर धूर असल्यासारखं दिसत होतं, अंगण सोनेरी झालं होतं, आणि मला वाटत होतं की सगळं पुन्हा जागच्या जागी आलं.

वाळत घातलेलं भात तासातासानं हलवावं लागतं. त्यासाठी अनवाणी पायांनी भातातून घसटत चालायचं, म्हणजे पायामागं लांब चऱ्या पडत जातात आणि खालचं भात वर येतं. हे काम माझ्या मुलीचं. चालता येऊ लागल्यापासून तिचंच. डोळे मिटून ती या टोकापासून त्या टोकाला जायची, स्वतःशी काहीतरी पुटपुटत, आणि मी मशीन थांबवून बघत बसायची. तिच्या त्या चालण्याइतकं निर्धास्त मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

त्या दिवशी ती रविवारची घरी होती. मी आतून हाक मारली, “भात हलव गो.” थोड्या वेळानं बाहेर आले तर भात तसंच. ती कडेला उभी, चपला पायात.

“काय झालं?”

“मी नाय हलवणार.”

“का?”

“ती हाय खाली.”

मला हसू आलं. “अगं, कागद हाय तो. चित्र हाय.”

“माहीत हाय मला,” ती म्हणाली. “तरीपन. तिच्या अंगावरनं कशी चालू?”

मी म्हणणार होते की वेडी आहेस, पण तिचं रडवेलं तोंड बघितलं. मी कट्ट्यावर बसले, तिला जवळ ओढलं, आणि मग ते हळूहळू बाहेर आलं.

बोर्ड लागल्यावर चार-पाच दिवसांची गोष्ट. ती नाक्यावरून एकटीच शाळेला निघाली होती. घाटाकडे चाललेली एक गाडी टपरीवर चहाला थांबली होती. त्यातली मोठी माणसं, बापाच्या वयाची. एकानं बोर्डाकडे बघितलं, मग हिच्याकडे. “ए, बोर्डावरची तूच का? तशी उभी राहा की जरा,” म्हणाला आणि मोबाइल वर केला. बाकीचे हसले. हिनं दप्तर पाठीवरून काढून पुढं छातीशी धरलं आणि पळत सुटली. गाडी निघून गेली. कोण होते, कुठले होते, हिला काय माहीत?

“मला का नाय सांगितलंस?”

“तू आधीच रागात व्हतीस,” ती म्हणाली. “मला वाटलं, मीच तशी चालले आसंन.”

म्हणून वडनी. म्हणून बांधावरची वाट. मी दोन आठवडे रोज तिच्या फ्रॉकची कुसळं काढत होते आणि विचारत नव्हते. मोठं व्हायची घाई तिला नव्हती, तिला फक्त झाकून घ्यायचं होतं. आणि मी तिच्यासमोर पट्टी आपटली होती. सभेत बोलले, मुरबाडला जाऊन बोलले, गावभर बोलले. घरातल्या घरात एक प्रश्न विचारायला मला वेळ झाला नाही. मला माझी लाज वाटली. गाडीतल्या त्या माणसांचा राग आला तो वेगळा, पण ते हातात येणारे नव्हते.

आम्ही दोघींनी सुपानं भात पाटीत भरलं आणि जुन्या गोधडीवर ओतलं. मग मी फ्लेक्सचं एक टोक धरलं, तिनं दुसरं, आणि घडी घालायला तो उलटवला. जाळून टाकावा असं माझ्या मनात होतं. मी तसं म्हणालेही.

“नको,” ती म्हणाली. “भाजंल ती.”

बोर्डावरची मुलगी आता आमच्या अंगणात आभाळाकडे तोंड करून पडली होती. गालावर माती लागली होती. माझी मुलगी वाकली आणि तिनं हातानं ती माती पुसली. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. दोघी एकाच वयाच्या.

“आई, हिचा फोटो काढला तवा हिची आई कुठं व्हती गो?”

“तिथंच असंल,” मी म्हणाले. “शेजारीच उभी असंल.”

“मंग तिला दिसलं नाय?”

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. ती खरंच त्या मुलीच्या आईबद्दल विचारत होती. मला मात्र फ्लेक्सचं टोक हातात धरवेना.

“नाय दिसलं, बाय,” मी म्हणाले. “शेजारीच व्हती, तरी नाय दिसलं.” आणि अकरा वर्षांच्या माझ्या मुलीसमोर मी भर अंगणात रडायला लागले.