मोकळी ठेवलेली चौकट

हिंगणघाटच्या गिरणीत आमच्या सूत रंगवण्याच्या मशीनवर कॉम्प्युटर बसवायला एक इंजिनियर मुलगी एकच दिवस आली होती. पाणी, मीठ, तापमान. प्रत्येक आकडा भरण्याआधी बोटावर फुंकर मारायची. भरला की कुलूप, मग तो कुणालाच बदलता येणार नाही. हे आकडे आजवर आम्हीच ठरवत आलो होतो. आता आम्ही नुसतं बघत बसायचं?

सूत रंगात किती वेळ ठेवायचं, ती चौकट मात्र तिनं मोकळी सोडली.

"हे तुमीच भरत जा, काका. कापूस काय दरवर्षी एकसारखाच येते?"

मी आकडा भरला. वेळ संपल्यावर मशीनचं झाकण उघडलं तर निळं सूत नमुन्याशी तंतोतंत जुळलेलं. माझ्याआधी तिनंच टाळी वाजवली.

नाव विचारायचं राहिलं. अजूनही त्या चौकटीपाशी आलो की मी बोटावर फुंकर मारतो.