जवसाच्या तेलाचे बोळे

“मशीनवर पाणी टाकू नोको वं, गंज चढते!” नवरा माझ्या हातातली बादली धरून ओरडला.

छपरी पेटली होती. छपरीच्या मागच्या खोलीत त्याची आई बाजेवर पडलेली होती आणि त्या खोलीला दार एकच, तेही छपरीतून. म्हातारी नव्वदीची. कंबर मोडल्यापासून आपल्या पायानं उठत नव्हती.

“आत तुमची माय हाय,” मी म्हटलं.

“माहीत हाय मले.”

माहीत होतं आणि तरी बादली सोडत नव्हता. मी हिसका दिला तशी अर्धी बादली त्याच्याच अंगावर सांडली.

ही आग कशी लागली ते सांगायचं तर आधी तेलाचं सांगावं लागतं. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. घरी बसला तसं त्यानं भंगारातून धातू कापायचं एक जुनं लेथ मशीन आणून छपरीत बसवलं. फवारणीच्या पंपाला ॲल्युमिनियमचे जोड असतात, ते तुटले की गावची माणसं याच्याकडे येत आणि हा नवे करून देई. काम चांगलं करायचा, खोटं कशाला बोलू? पण ॲल्युमिनियम म्हणजे गुळाचा भाऊ. कोरडं कापलं की तापतं, टूलच्या धारेला चिकटतं आणि वस्तू ओरबाडल्यासारखी दिसते. म्हणून कापताना धारेवर काहीतरी ओलं सोडत राहावं लागतं. काय सोडावं, यावर आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा पोरीचं लग्न जुळवताना झाला नव्हता.

आधी रॉकेल होतं. त्यानं काम साफ निघायचं. मग रेशनचं रॉकेल बंद झालं. मारेगावला एक लेथवाला चाचा आहे, त्यानं सरळ सांगितलं, “भाऊ, ॲल्युमिनियमचं पतलं तेल दुकानात भेटते. डबा घ्या अन् सुखी राहा.” पण नवऱ्याला सुखी राहायचं नव्हतं, त्याला शोध लावायचा होता. डबा तर कोणीही घेतो, म्हणे.

पहिल्यांदा पाण्यात मिसळायचं पांढरं औषध आणलं. दिसायला दूध. धार थंड राहायची, पण हा आठवडाभर मशीनला हात लावायचा नाही आणि ते पाणी डब्यात सडायचं. एप्रिल महिन्यात त्याचा असा वास सुटला की सासू आतून ओरडली, “कोन मेलं वं घरात? मी तं जित्ती हाव!”

मग डिझेल. त्याचा धूर सरळ म्हातारीच्या खोलीत. ती खोकायची आणि खोकून झालं की लेकाला शिव्या द्यायची. मग सरकीचं तेल. मशीन फिरलं की भजी तळल्याचा वास यायचा. शेजारीण दोनदा डोकावून गेली आणि रिकाम्या हातानं परतली. ती अजून मला चिक्कू समजते.

शेवटी गावच्या कडुनिंबाखाली बसणाऱ्या माणसांनी निकाल दिला. त्यांच्यातल्या एकानंही उभ्या जन्मात टूलची धार पाहिली नव्हती, पण तेलाबद्दल मत सगळ्यांना होतं. “जवसाचं वापर लेका. बैलबंडीच्या लाकडाले लावते, दाराले लावते. घरचंच हाय.” झालं. घाण्यावरून जवसाचं तेल आलं. काम चकचकीत निघालं आणि नवरा चार दिवस छाती काढून हिंडला. पाचव्या दिवशी मशीन जागचं हलेना. जवसाचं तेल वाळून त्याचा डिंक झाला होता. हे बंडीच्या लाकडाला बरं असतं. मशीन काही लाकडाचं नव्हतं.

तेव्हा हा जिनिंगमधल्या टाकाऊ रुईचे, म्हणजे कापसाचे, बोळे करून ते चिकट तेल पुसायला लागला. पुसायचं, पुन्हा जवस सोडायचं, पुन्हा पुसायचं. आणि आमच्याकडे तेलाचा बोळा कोणी फेकत नाही. पाणी तापवायची चूल पेटवायला तो कामी येतो. नवऱ्यानं सगळे बोळे एका पोत्यात पायानं खुंदलून भरले आणि पोतं टिनाखाली, मशीनच्या मागे, म्हातारीच्या दाराजवळ उभं केलं. मे महिन्यातल्या दुपारी ते आपोआप पेटलं. चूल थंड होती. बिडी घरात कोणी ओढत नाही.

उरलेली अर्धी बादली मी गोधडीवर ओतली, ती डोक्यावरून घेतली आणि आत शिरले. खोलीत धूर दाटला होता.

“आत्याबाई, चाला.”

“कोठी? माह्या लेकानं काय पेटवलं?”

“घर.”

“माही पानाची चंची घे आंधी. उशाखाली हाय.”

चंची घेतली. न घेतली असती तर ती हलली नसती. तिला सतरंजीवर ओढलं आणि तशीच फरफटत दाराशी आणलं. तोवर दारापुढचं ते पोतं पुरतं भडकलं होतं. पुढे जाता येईना, मागे खिडकी नव्हती. मी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला अरे-तुरे केलं. “पोतं ओढ, बैला!” मी ओरडले.

त्यानं ओढलं. नुसत्या हातांनी, अंगणापर्यंत. मग परत येऊन त्यानं सतरंजीचं दुसरं टोक धरलं. बाहेर माणसं जमली होती. सासू म्हणाली, “माहं लुगडं नीट कर वं, सारं गाव पाहून राह्यलं.”

गावानं कारणं शोधली. कोणी वायरिंग म्हणालं, कोणी करणी म्हणालं. ज्यानं जवस सुचवलं होतं तो सगळ्यात जोरात करणी म्हणत होता.

नवऱ्याच्या हातांना पट्ट्या होत्या म्हणून मोबाईल मी धरायचे आणि तो वाचायचा. एक दिवस मोठ्यानं म्हणाला, “ऐक, जवसाचं तेल वाळता वाळता गरम होते. कापसात दाबून ठेवलं तं पेटते. असे बोळे पाण्यात बुडवून ठेवा लागते.” जणू त्यानंच मेहनत करून हे शोधून काढलं होतं. एका अर्थी काढलंही होतं.

मोटर जळाली, पट्टा जळाला, छपरीचे वासे गेले. लोखंड तेवढं शिल्लक राहिलं.

त्या दुपारी घरात सासू, नवरा आणि मी होतो. तिघंही वाचलो.