मागच्या चाकांची हवा

पट्टीच्या निम्म्यावर आलो तेव्हा व्हर्ना थांबली आणि बुटाची टाच डांबरावर घासून बघू लागली. गाड्यांच्या शर्यतीच्या सकाळी पाव मैलाची ही सरळ पट्टी पायी चालून तपासायची, टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, हा तिच्या नवऱ्याचा, डेल्बर्टचा, रिवाज. तो गेला त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून सोबतीला मी असते.

"चिकटतंय," ती म्हणाली. "म्हणजे पट्टीचा दोष नाही."

व्हर्ना स्टॉफर माझी शेजारीण. ओहायोतल्या आमच्या गावात तिने एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवू घातलं. डेल्बर्टची एकोणसत्तर सालची निळी गाडी ती चालवायला लागली ते चौसष्टाव्या वर्षी, तो गेल्यावर. इंजिन म्हणजे नुसता राक्षस. पण हिरवा दिवा लागला की मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरायची, धूर व्हायचा, आणि शेजारच्या रांगेतला नेहमीचा प्रतिस्पर्धी रस्क केव्हाच पुढे गेलेला असायचा. डेल्बर्टच्या हाती हीच गाडी बाणासारखी सुटायची.

मागे वजन हवं म्हणून गेल्या वर्षी तिने डिकीत मिठाची चार पोती टाकली. रस्क वाकून बघत म्हणाला, "काकू, शर्यतीला आलात की लोणचं घालायला?"

"आधी तुलाच मुरवते, थांब!"

तरीही चाकं जागीच फिरली. शेवटी तिने रस्कला शब्द दिला: या हंगामाच्या शेवटच्या शर्यतीतही गाडी घसरली, तर गाडीची किल्ली त्याची. ती शेवटची शर्यत आजच होती.

"दोष माझ्या पायाचाच," म्हणत ती पुन्हा चालू लागली.

मला मात्र सकाळची खडूची रेघ स्वस्थ बसू देत नव्हती. फाटकावरच्या माणसाने सुचवलं म्हणून आम्ही मागच्या चाकावर आडवी रेघ ओढली होती आणि व्हर्ना गाडी जरा पुढे नेऊन परत आली होती. रेघ मधोमध पुसली गेली, दोन्ही कडांना पांढरीच राहिली.

"चाक मधल्या भागावरच टेकतंय ना गं?" मी म्हटलं. "म्हणजे हवा जास्त आहे. थोडी सोड की."

"बत्तीस पौंड. डेल्बर्टने लिहून ठेवलंय." ती चिठ्ठी तिने गाडीच्या कप्प्यात अजून चिकटवलेली ठेवली होती.

"शर्यतीनंतर तुम्ही दोघं घरी कसे जायचात?"

"याच गाडीने. चाळीस मैल."

"मग ते बत्तीस रस्त्यासाठी असेल. इथे किती ठेवायचा?"

"इथे चाकातली हवा कोणी कुणाला सांगत नाही, बाई. मीही कधी विचारलं नाही. शर्यतीआधी मला कॉफी आणायला पिटाळायचा. परत यायचे तेव्हा मागच्या चाकाशी गुडघे टेकून, मान खाली घालून बसलेला. प्रार्थना करायचा. मी लांबच थांबायचे."

"आणि शर्यत झाल्यावर?"

"झाल्यावर पंप मारत..."

ती तिथेच उभी राहिली. नंतर हवा भरायची, म्हणजे आधी ती सोडलेली असणार.

"सात वर्षं मी त्या चाकाशी गुडघे टेकतेय," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, माझी प्रार्थना कमी पडते."

"तो प्रार्थनाही करत असेल," मी म्हणाले. मला ते खरंच वाटत होतं. हात कामात असताना देवाचं नाव घेता येतंच की.

परत आलो तर रस्क आपल्या गाडीला टेकून उभा. "काकू, किल्ली पुसून ठेवलीत ना?"

"आधी हरव, मग माग!"

तिने खिशातून हवा मोजायचा काटा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"मी चाकाशी बसते नेहमीसारखी," ती म्हणाली. "त्याचं बत्तीस माझ्या हातून नाही मोडवणार. हवा तू सोड. विसावर आली की सांग, तोवर मी डोळे उघडणार नाही."