गुंडप्पांचे डोळे

मराठवाड्यातल्या लोहाऱ्याहून रुद्रम्मानं आजारी नवऱ्याला, गुंडप्पांना, सोलापूरच्या दवाखान्यात आणलं होतं. शेजारच्या खाटेवर उत्तरेश्वर होता, दोन्ही डोळ्यांत फूल पडून आंधळा झालेला. मयताच्या डोळ्याचा पडदा बसवला तर त्याला दिसेल, असं डॉक्टर म्हणत.

"मग मेल्यावर माझं डोळं द्या ह्याला," गुंडप्पा म्हणाले. "सोताच्या बायकूचं तोंड बघून पस्तावंल गडी!"

सगळे हसले. मागाहून मात्र ते रुद्रम्माला म्हणाले, "थट्टा न्हाय गं. खरंच दे."

गुंडप्पा वारले, तेव्हा डॉक्टरांनी हळूच डोळ्यांचं विचारलं.

"थट्टेनं बोलले वो ते," रुद्रम्मा म्हणाली. "आमच्या लिंगायतात मयताला बसवून, हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन पुरत्यात. डोळं नसलं तर त्यास्नी लिंग कसं दिसंल?"

उत्तरेश्वरच म्हणाला, "राहू द्या साहेब. आक्का, तुमी रडू नका."

दुसऱ्या दिवशी घरी स्वामींनी गुंडप्पांना मांडी घालून बसवलं, तळहातावर लिंग ठेवलं आणि मिटलेल्या पापण्यांवर जाड विभूती फासली. ते डोळे कुणी उघडलेसुद्धा नाहीत.

"शेवटचं बघून घे गं," बायका म्हणाल्या.

रुद्रम्माला मान वर करवेना. बायकांना वाटलं, दुःखानं.