डबीतली चिठ्ठी मी परत दिली

अगं पोरी, जरा जवळ सरकून बस आणि मग वाच. उभ्या उभ्या, एका हातात चहा नि एका हातात फोन धरून वाचायचं हे लिखाण नाही. माझ्या एकुलत्या भावाची तू लेक. पुण्यात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतेस, आणि दिवाळीत येते म्हणून आत्याला सांगून आली नाहीस. आली असतीस तर दुकानातल्या त्या गेमच्या डब्या तुला दाखवल्या असत्या, आणि पुढचं कदाचित घडलं नसतं. दोष देत नाही. मनात येतं ते लिहिते.

दुकान तुझं बघितलेलं आहे, पण दुसरं कुणी वाचेल म्हणून सांगते. कराडात स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं जुन्या वस्तूंचं दुकान. फौजेतून पेन्शनवर आल्यावर ह्यांनी काढलं. पाटीवर ह्यांचंच नाव. हे जाऊन सहा वर्षं झाली, पण पाटी मी उतरवली नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचायला शिकले ते दुकानात येणाऱ्या रद्दीवर.

ह्यांचा एक नियम होता. जुनं कपाट घ्या, पेटी घ्या, शिवणाचं मशीन घ्या, आधी सगळे कप्पे उघडून बघायचे. आत कागद, फोटो, बिल, काही सापडलं तर ते ज्याचं त्याला परत. एकदा एका पत्र्याच्या पेटीत कुणाच्या तरी शाळेचा दाखला निघाला, तर हे सायकल काढून औंधला देऊन आले. म्हणायचे, "वस्तू आपण घेतली, त्यांचं घर न्हाई घेतलं." तो नियम मी जसाच्या तसा चालवला. त्यातच फसले.

झालं असं. सांगलीकडचा एक जवान सुट्टी संपवून ड्युटीवर निघाला होता. जाताना गेमची एक सीडी विकायला घेऊन आला. असल्या सीड्या आता दुकानात बऱ्याच येतात. मला त्यातलं काही कळत नाही, पण गिऱ्हाईक येतं. मी डबी उघडली. आत सीडी, आणि झाकणाला अडकवलेली एक छोटी चिठ्ठी. तिच्यावर इंग्रजी अक्षरं नि आकडे, लांबच्या लांब. मला वाटलं, बँकेचा नाहीतर कसला तरी ह्याचा खाजगी नंबर. चिठ्ठी काढून त्याच्या हातात ठेवली. "तुझं तुझ्यापाशी ठेव बाबा," म्हटलं. त्यानं खिशात घातली, वाकून नमस्कार केला आणि गेला.

आठ दिवसांनी पाचगणीच्या एका शाळेतल्या बाई आल्या. त्यांची मुलगी पाय मोडून अंथरुणावर होती, तिच्यासाठी गेम हवा होता. डबीवरचं वाचून त्यांनी विचारलं, "ह्यात ते जादाचे दोन भाग पण आहेत ना?"

"सगळं आहे," मी म्हणाले.

पोरी, हा शब्द माझ्या तोंडून इतका सहज गेला की काय सांगू. मिक्सर विकताना म्हणते तसाच. भांडं आहे, झाकण आहे, सगळं आहे.

दोन दिवसांनी बाईंचा फोन. सीडी चालते, पण जादाचे भाग उघडत नाहीत. ते उघडायचा नंबर डबीतल्या चिठ्ठीवर असतो आणि चिठ्ठीच नाही. मी म्हणाले, "बाई, सीडी चालतीया न्हवं? जुनी वस्तू हाय, उन्नीस-बीस चालायचंच." त्या म्हणाल्या, "जुनी आहे म्हणून अर्धी द्यायची का?" मला राग आला आणि मी फोन ठेवला. तेव्हा चूक माझी आहे हे ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना माणूस किती ताठ बोलतो बघ.

मग एका दुपारी पोस्टमन लिफाफा घेऊन आला. साताऱ्याच्या ग्राहक आयोगाचा. वर ह्यांचं नाव. दुकानाचं नाव म्हणजे ह्यांचंच ना. गेलेल्या माणसाच्या नावानं तक्रार, आणि नावाखाली 'विरुद्ध पक्ष' असं छापलेलं. शटर अर्धं ओढून मी आतल्या स्टुलावर बसले. सगळा जन्म ज्या माणसानं दुसऱ्याची टाचणीसुद्धा ठेवून घेतली नाही, त्याचं नाव आता चार लोकांत फसवणाऱ्याचं म्हणून पुकारणार. मला बाकी कशाची भीती नव्हती. दुकान बंद पडलं तरी पेन्शन आहे. पण तो पुकारा काही केल्या कानातून जाईना. भाकरी थापताना ऐकू यायचा, नळावर ऐकू यायचा.

चार दिवस सुनेला सांगितलं नाही. लिफाफा ज्वारीच्या डब्यात खुपसून ठेवला. पाचव्या दिवशी दळण काढताना तिलाच सापडला. ती कॉलेज शिकलेली, तिनं उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग मी तिला जवानाचं नि चिठ्ठीचं सांगितलं.

"आई, हे लपवून आपोआप मिटणार होतं व्हय?" म्हणाली. "आधी त्या जवानाला इचारा, त्यो नंबर वापरल्याला होता का."

वहीत लिहून ठेवलेल्या नंबरावर मी जवानाला फोन लावला. तो कुठं लांब उत्तरेला होता, आवाज तुटत होता.

"मावशी, त्यो नंबर? तुमी चिठ्ठी परत दिली, मला वाटलं तुमाला नको आसंल. गाडीत बसल्या बसल्या टाकला की मोबाईलवरनं."

"टाकला म्हंजे?"

"म्हंजे वापरला. यकदाच चालतो त्यो. आता माझ्या खात्यावर बसला. का, काय झालं?"

"काय न्हाई," मी म्हणाले. "तू नीट ऱ्हा."

फोन ठेवला. तोवर मनात एक आशा होती की चिठ्ठी आधीचीच वापरलेली असेल, म्हणजे माझ्याकडून काही गेलं नाही. पण तिच्यावरचा नंबर कुणी वापरलेला नव्हता. माझ्या हातात असताना ती चालणारी होती, आणि मीच ती देऊन टाकली.

सून पुढ्यात बसली होती. हळूच म्हणाली, "आई, आयोगाला लिहून देऊ, नंबर आधीच्या मालकानं वापरला हुता. खोटं कुठं हाय त्यात? वापरलाच की त्यानं. कवा वापरला ते कोण इचारणार?"

खरं सांगते, दोन दिवस मी तेच लिहायचं ठरवलं होतं. कागदही घेतला होता. पण कोणी विचारलंच तर? साहेबांनी नुसतं 'कधी' एवढं म्हटलं तर? माझी जीभ तिथं अडखळणार, आणि ती अडखळलेली जीभ ह्यांच्या नावावर जाणार. खरं बोलायचीही भीती, खोटं बोलायची त्याहून जास्त. शेवटी जवानाला चिठ्ठी दिली तिथपासून, जसं घडलं तसं, रेघा मारलेल्या वहीच्या पानावर माझ्या अक्षरात लिहून पाठवलं.

तारखेला आम्ही दोघी एसटीनं साताऱ्याला गेलो. सूनबाई वाटेत म्हणाली, "तोंडातला पदर काढा आई, समोरची बाई हसंल." मला हसूही येईना. आत बाकावर त्या पाचगणीच्या बाई बसल्या होत्या. मी मान खाली घातली. आणि मग शिपायानं ह्यांचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "हजर." ह्यांच्या नावाला मी हजर म्हणाले.

साहेबांनी माझा कागद वाचला. चष्मा काढून विचारलं, "चिठ्ठी तुम्ही स्वतःहून परत दिली?"

"व्हय साहेब. दुसऱ्याचा कागद ठेवायचा न्हाई, आसा आमच्या दुकानाचा नियम हाय."

बाई म्हणाल्या, "पण ती चिठ्ठी तोवर तुमच्या दुकानाची झाली होती. 'सगळं आहे' सांगून तुम्ही मला सीडी विकली."

"व्हय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्या बरोबर बोलत होत्या.

तिथंच तडजोड झाली. सीडी मी परत घ्यायची, त्यांचे पैसे द्यायचे, आणि इथून पुढं प्रत्येक डबीवर आत काय आहे, काय नाही, ते लिहून मगच विकायची. साहेबांनी ह्यांच्या नावापुढं काही वाईट लिहिलं नाही. बाहेर व्हरांड्यात बाई थांबल्या. म्हणाल्या, "आजी, तुम्ही खोटं सांगाल असं वाटलं होतं मला." मग जाता जाता, "सगळं आहे म्हणायच्या आधी बघत जा." मी मान हलवली. मुलीचा पाय कसा आहे, हे विचारायचं राहूनच गेलं. बस लागेपर्यंत ते मनाला खात राहिलं.

तुला वाटेल, सुटली आत्या. सुटले कुठली? दुकानात असल्या डब्या चाळीसच्या आसपास आहेत. प्रत्येकीवर लिहायचं आहे, आणि आत काय असतं, काय असायला हवं होतं, हे मला वाचूनही कळत नाही. सून म्हणते मोबाईलवर बघून लिहू, पण तिलाही खात्री नाही. काही डब्यांत चिठ्ठ्या आहेत, काहींत नाहीत. ज्यांत नाहीत, त्यांतल्या किती मी परत दिल्या? आठवत नाही. आणि त्याआधी किती जणांना 'सगळं आहे' म्हणाले? पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की माझं काळीज अजून हलतं.

त्या डब्यांची मांडणी मी भिंतीकडं तोंड करून ठेवली आहे. गिऱ्हाईक आलं तर विकायचं नाही म्हणून सांगते. तेवढं वाचणारं माणूस आपल्या घरात तू एकटीच आहेस, पोरी. दिवाळीची वाट बघू नकोस. येत्या रविवारी सकाळची गाडी धर, स्टँडवर उतरलीस की पाटी दिसतेच. पिठलं-भाकरी करून ठेवते. दोघी मिळून एकेक डबी उघडू, तू सांग आणि मी लिहिते. लवकर ये गं.