सत्त्याऐंशी नंबरचं शेत

नव्वदीला टेकलेल्या एका बाईंना मी परक्या माणसाच्या शेतात खुर्ची टाकून बसवलं आणि सांगितलं, आपा, हीच तुमच्या पूर्वजांची बाग. त्यांनी तिथे आजोबांच्या नावाने फातिहा पढली. मी मागे उभी राहून स्वतःवर खूश होत होते. फोटोसुद्धा काढला.

ही चूक मी लहान असताना केली. म्हणजे साठाव्या वर्षी. आता सत्तरीच्या दाराशी उभी राहून त्या पोरीकडे बघते तेव्हा हसू येतं. नोकरी संपून काही महिने झाले होते, आणि आपल्यावाचून लखनौच्या जुन्या जमिनींचं कसं होणार, याची तिला केवढी काळजी!

मी सरकारी अभिलेखागारात होते. जुने कागद जपायचे आणि मागेल त्याला शोधून द्यायचे, हे काम. रिटायर झाल्यावर इंदिरा नगरच्या घरात मी एकटी. यजमान आधीच गेलेले. मुलगा हैदराबादला. नात व्हिडिओ कॉलवर यायची आणि ‘आज्जी, कैसी हो?’ म्हणायची. त्यातला ‘आज्जी’ तेवढा मराठी. बाकी घरात मराठी बोलायला मी आणि कुकर. फोन वाजलाच तर तो बँकेचा, कर्ज हवंय का विचारायला. त्या मुलींशीही मी दोन-दोन मिनिटं बोलायचे.

अशात जावेदभाईंचा फोन आला. अमीनाबादच्या मागच्या गल्लीत राहणारे, बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ. “मॅडम, किसी ने आपका नाम दिया है,” एवढंच म्हणाले, आणि मी त्याच दुपारी रिक्षात बसले. कुणीतरी नाव दिलं होतं ना!

प्रकरण असं होतं. त्यांच्या खानदानात पूर्वी हकीम होते. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांना औषध-पाणी देत. म्हणून नवाबी अमलात त्यांना एक आमराई आणि पक्की विहीर मिळाली, शेतसारा माफ. अशा जमिनीला माफीच म्हणत. तिचं हक्काचं पत्र ती सनद. मूळ सनद हरवली होती. नकलेची नक्कल होती, तीत गावाचं नाव होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथे अजून खटले चालू आहेत.

“जमीन परत हवी आहे का?” मी विचारलं.

“तौबा! जमीन नको. आपाला एकदा तिथे बसायचं आहे.”

आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण, नूरआपा. लग्न केलेलं नव्हतं, भावाला वाढवण्यात जन्म गेला. त्यांच्या आजोबांची कबर त्या बागेत होती. आपा अगदी लहान असताना आईबरोबर तिथे गेल्या होत्या. पुढे जमीन गेली, नातेवाईक पांगले, वाट दाखवणारं कुणी उरलं नाही. आता त्यांच्या हृदयाचं दुखणं वाढलं होतं. डॉक्टरांनी जावेदभाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की जे करायचं ते उन्हाळ्याच्या आत करा.

“काय आठवतं तुम्हाला, आपा?” मी विचारलं.

“कुआँ,” त्या म्हणाल्या. “और एक बकरी, जिसने हमारा दुपट्टा खा लिया था।”

बकरीचा शोध अभिलेखागारात लागत नाही. विहिरीचा लागतो.

कसा, ते सांगते. इंग्रजी अंमल आला तेव्हा प्रत्येक माफीदाराला विचारलं गेलं, दाखवा कागद. त्या चौकशीच्या फायली झाल्या. फायली कापडात बांधलेल्या असतात, त्या गाठोड्याला बस्ता म्हणतात. कुठली फाईल कुठल्या बस्त्यात, हे इंडेक्स सांगतो. नवखी माणसं इंडेक्समध्ये आजची तहसील शोधतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. इंडेक्स लावलाय जुन्या परगण्यांप्रमाणे. परगणा म्हणजे गावांचा जुना गट, आणि त्याच्या सीमा आजच्या तहसिलीशी जुळत नाहीत. मला हे तोंडपाठ. परगणा काढला, गाव काढलं, हकिमांचं नाव काढलं. बस्ता आला. फाईलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: आमराई, पक्की विहीर, दफनाची जागा, शेत नंबर सत्त्याऐंशी.

मला एवढा आनंद झाला की काय सांगू. घरी आले, चहासुद्धा न करता सरकारी वेबसाईट उघडली, गाव निवडलं, सत्त्याऐंशी टाकलं. नकाशावर शेत उजळलं. लगेच जावेदभाईंना फोन. “मिळालं! एकदम पक्कं!”

आम्ही गाडी करून गेलो. शेतात मेंथा लावलेला होता. पुदिन्याचाच भाऊ, त्याचं तेल काढतात. सगळीकडे थंड वास. खुर्ची मांडली. आपा बसल्या. इकडे-तिकडे बघून म्हणाल्या, “कुआँ कहाँ है, बिटिया?”

“बुजली असेल, आपा. जुन्या विहिरी बुजतात.”

“और दादा की क़ब्र?”

“नांगरटीत गेली असणार.”

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची उत्तरं तपासण्यात गेली, स्वतःचं तपासायची सवयच नव्हती. आपांनी डोळे मिटले, ओठ हलवले. मग मूठभर माती रुमालात बांधून घेतली. आपल्या कबरीत टाकायला सांगेन म्हणाल्या.

आठवडाभर मी त्या फोटोवर जगले. मुलाला पाठवला, त्याने अंगठा पाठवला. नातीला पाठवला, तिने हृदय पाठवलं. त्यापुढे बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी स्वतःच पुन्हा पुन्हा बघत बसले. आणि एका सकाळी बघता बघता हातातली पोळी ताटात पडली.

आपांच्या मागे शेताचे बांध दिसत होते. सरळ. पट्टीने आखावेत तसे सरळ.

जुनी शेतं अशी नसतात. ती फुटलेल्या पापडासारखी असतात, वेडीवाकडी. बांध सरळ होतात ते चकबंदीनंतर. चकबंदी म्हणजे एकेका शेतकऱ्याचे विखुरलेले तुकडे एकत्र करून नवे चौकोन पाडणं. चौकोन नवे पडले की नंबरही नवे पडतात. माझ्या फाईलमधला सत्त्याऐंशी जुन्या नकाशातला. वेबसाईटवरचा सत्त्याऐंशी चकबंदीनंतरचा. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. हे मी ट्रेनिंगला येणाऱ्या प्रत्येक बॅचला पहिल्याच तासाला सांगत असे. बोट नाचवून सांगत असे.

मी दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. बोलायला कुणी नव्हतंच म्हणा. कुणाला कळलंही नसतं. आपा खूश होत्या, जावेदभाई खूश होते. पण आपा ज्यांच्या शेजारी बसायला गेल्या होत्या ते भलतीकडेच राहिले होते, आणि ती चुकीची माती त्यांच्या उशाशी होती.

तिसऱ्या दिवशी पुन्हा अभिलेखागारात गेले. या वेळी जुना नकाशाच मागवला. गावाचा जुना नकाशा कापडावर काढलेला असतो, त्याला लट्ठा म्हणतात. त्यात शेतं बदलली तरी एक गोष्ट सहसा हलत नाही, गावाची शीव. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथे दगड असतो. इकडे त्याला सिहद्दा म्हणतात. असे सिहद्दे लट्ठ्यावर शोधले, तेच उपग्रहाच्या फोटोवर शोधले, आणि ट्रेसिंग पेपरवर उतरवून एकावर एक ठेवले. दगडावर दगड बसला. मग जुना सत्त्याऐंशी जिथे पडला तिथे एक लांबलचक पत्र्याचं छप्पर दिसत होतं.

मी एकटीच गेले. लेखपाल, म्हणजे आपला तलाठी, मोटारसायकलवर बसूनच बोलला.

“माताजी, साथ में कोई नहीं आया?”

“नाही. का? नकाशा दोघांना धरावा लागतो का?”

तो हसला आणि उतरला. सिहद्द्याचा एक दगड त्याने शेणाच्या ढिगाखालून काढून दाखवला. तिथून आम्ही चालत गेलो. पत्र्याचं छप्पर बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजचं होतं. कंपाउंडच्या कोपऱ्यात विहीर होती. जुन्या पातळ विटांची, अष्टकोनी. वर स्लॅब टाकून मोटर बसवलेली.

“आणि कबरी?”

लेखपालाने ट्रक उभे होते त्या सिमेंटकडे बोट केलं.

परत येताना बसमध्ये मी काय सांगायचं ते मराठीत घोकत होते. हिंदीत घोकलं असतं तर ते खरंच सांगायची वेळ आली, असं वाटलं असतं.

जावेदभाईंनी ऐकलं आणि उभे राहिले. “आप तो कह रही थीं, एकदम पक्का है।”

“म्हणाले होते.”

“आपा ने रोज़ वो रूमाल सूँघा है, मॅडम। रोज़।” मग आवाज खाली आणून म्हणाले, “रहने दीजिए। उनको मत बताइए।”

मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? मी मान हलवली. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, “क्या नहीं बताना है?”

आत गेले. सगळं सांगितलं. सिहद्दा, चकबंदी, बटाटे. आपा ऐकत होत्या.

“तो हम किसके खेत में फ़ातिहा पढ़ आए?”

“किसी शुक्ला जी के।”

“अच्छा,” त्या विचार करून म्हणाल्या, “चलो, उनके बुज़ुर्गों को पहुँच गई होगी। इतनी दूर से कौन पढ़ता है उनके लिए।” आणि रुमाल माझ्या हातात दिला. “ये शुक्ला जी को लौटा देना।”

पुढच्याच आठवड्यात आम्ही पुन्हा निघालो. कोल्ड स्टोरेजच्या चौकीदाराने आधी गेट उघडायला नकार दिला. मालकाला फोन लावला, मालक म्हणाला, क्लेम-बिम करायला आलेत का? जावेदभाईंनी फोन घेतला आणि म्हणाले, “भाई साहब, पाँच मिनट बैठना है। बस।” गेट उघडलं. ट्रकांच्या मधोमध खुर्ची ठेवली. एक ट्रक ड्रायव्हर झोपला होता, तो उठला आणि त्याने आपण होऊन गाडी थोडी मागे घेतली.

आपांनी विहीर बघितली. बराच वेळ बघितली. मग सिमेंटवर तळवा टेकवता येईना म्हणून चपलेतून पाय काढून टेकवला आणि तसंच पढल्या. मी या वेळी फोटो काढला नाही. चौकीदाराने मोटर लावून स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं. आपा प्यायल्या आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, “तब भी खारा था।” माझ्या सगळ्या ट्रेसिंग पेपरांपेक्षा मला त्या वाकड्या तोंडाने जास्त खात्री दिली.

तर या धंद्यातलं सांगण्यासारखं एवढंच. नंबर मिळाला की तो कुठल्या नकाशातला, हे आधी विचारावं. जागेवर विहीर नसेल तर ती बुजली असं लगेच म्हणू नये, आपण चुकलो का ते बघावं. आणि आनंदाच्या भरात कुणाला फोन करण्याआधी चहा करून प्यावा.

अमीनाबादला पोचेपर्यंत संध्याकाळची गर्दी झाली होती. गल्लीत गाडी शिरेना. जावेदभाई व्हीलचेअर आणायला पुढे गेले, आणि आम्ही दोघीच मागच्या सीटवर बसून राहिलो. मी आपांची पुन्हा एकदा माफी मागितली. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “बिटिया, फिर कभी ग़लती हो जाए तो फ़ोन कर देना। हम तो तैयार ही बैठे रहते हैं।”