काच वितळत न्हाय, इवाई

एका शब्दापायी दोन वर्षं हटून बसणारा माणूस बारामतीपासून इंदापूरपर्यंत माझ्या इवायांसारखा दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो मी. माझी लेक त्यांच्या घरात दिली, म्हणून ते माझे इवाई. भवानीनगरला राहायचे, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या ज्योतीवर धरून वाकवायचे. मी चौथीतनं शाळा सोडलेला गुळव्या. रस कढवायचा आणि पाक ओळखायचा एवढंच माझं शिक्षण, पण त्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय.

इवायांना कुठलीच वस्तू नुसती धरता येत नसे. नळी तापताना सारखी फिरवावी लागते, त्या सवयीनं पेन्सिल, चमचा, लग्नात हाती दिलेला नारळसुद्धा ते फिरवत बसायचे. जाड बुडाच्या ग्लासात कुणी उकळता चहा ओतला की यांचा जीव खालीवर. आतली बाजू फुगली, बाहेरचीला अजून पत्ता नाही, आता तडकणार, असं हॉटेलवाल्याला बजावून यायचे. एकदा खरंच तडकला. चहा यांच्याच पांढऱ्या पँटीवर सांडला, पण चेहरा असा की जणू सत्कार झालाय.

पण खरं वेड एकच. काच वितळते असं त्यांच्यापुढं म्हणायची सोय नव्हती. बर्फ वितळतो, काच मऊ पडते. ब्याण्णव साली नातवाच्या बारशाला मी सहज म्हणून गेलो की इवाई काच वितळवतात. त्यांनी हात वर करून अख्खी पंगत थांबवली. बर्फात कण रांगेत बसलेले, सगळ्यांची पकड सारखी, म्हणून सुटले की एकदम सुटतात. काचेत नुसती गर्दी, कुणाची पकड सैल, कुणाची घट्ट, म्हणून धग लागेल तसा एकेक ढिला पडत जातो, हे सगळं सांगितलं. वरण निवून गेलं. शेवटी म्हणाले, "गुळाच्या माणसाला हे न्हाय कळायचं."

"वितळतीच," म्हणालो आणि पानावरून उठलो.

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांची पायरी चढलो नाही, ते माझी. मधल्यामधे लेक अडकली. माहेरी आली तरी दोन दिवसांत परत फिरायची. एकदा एवढंच म्हणाली, "आबा, तुमा दोघांना एका पंगतीत बघू द्या की." मी न ऐकल्यासारखं केलं.

दोन वर्षांनंतरच्या हंगामात माझा एक पाक बिघडला. आच जास्त झाली, आणि मजुरांवर ओरडण्याच्या नादात निवणारा पाक ढवळायचा राहिला. गुळानं कणी धरलीच नाही. तपकिरी, चकचकीत पापुद्रा झाला, आरपार दिसणारा. गुळव्याची याहून मोठी नाचक्की नाही. नेमके तेव्हाच इवाई गुऱ्हाळात उभे. लेकीनं पाठवलं की आपणहून आले, ते मी कधी विचारलं नाही.

ते हसले नाहीत. एक तुकडा उचलून उन्हाकडं धरला. म्हणाले, "इवाई, तुमी तर काच केली की."

कणी धरायला सवड मिळाली नाही, कण होते तिथंच गर्दीत थिजले, असं त्यांचं म्हणणं. मग तो तुकडा लांबूनच चुलवणाच्या धगीला धरला. तो आधी लवला, मग वाकला, मग दोरीसारखा लोंबायला लागला. थेंब व्हायच्या आत त्यांनी बाजूला घेतला. "सांगा, ह्यात कवा वितळला?"

चाळीस वर्षं पाकाचं हे घट्ट-सैल होणं माझ्या हातून रोज चाललं होतं. मी बराच वेळ चुलवणात चिपाडं सारत बसलो.

"न्हाय वितळला," म्हणालो. "मऊ पडला."

त्यांनी मान डोलावली. मग जाळाकडं बघत म्हणाले, "बारशाला मी गुळाच्या माणसाला बोललो, ते चुकलं."

दुसऱ्या दिवशी भवानीनगरला आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो. लेक भाकरी वाढत होती. पोटं भरली तरी वाढतच राहिली, आणि आम्हीही पुरे म्हणालो नाही.

इवाई पुढं तीनच वर्षं होते. लेकीनं मला त्यावरनं कधी बोल लावला नाही. फक्त त्या दोन वर्षांचा विषय निघाला की ती उठून आत जाते.